अंतर कोणत्या वाटेचे?

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर, असे विचारले असता हुशार विद्यार्थी सुमारे १२,४०० किलोमीटर हे उत्तर देऊन मोकळा होतो. उत्तर चूक नव्हे. परंतु माझ्या मते ते अपुरे आहे, आणि केवळ तेवढे पाठ करून घेण्यास भूगोलाचे शिक्षण म्हणता येणार नाही.

भिंतीवरील सपाट नकाशा पाहिला म्हणजे विमान युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून सरळ पश्चिमेस जात असेल, असे वाटते. पृथ्वीचा गोल घेऊन या दोन नगरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो! वरील आकडा त्या दोऱ्याचा आहे. विमान मात्र दोऱ्यावरून क्वचितच चालते.

एअर इंडियाने ही सेवा २०१५ साली सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरांनी वाढली, तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, संपला.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून विमानास साहाय्य होते, असे कित्येक जाणती माणसेही सांगतात. हे साफ चुकीचे आहे. पृथ्वी खालून फिरत असती आणि विमान तिच्यापासून सुटे असते, तर पूर्वेकडील गाव पुढे पुढे पळून प्रवास उलट लांबला असता. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. खरे साहाय्य वाऱ्याचे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जातो. शिडाच्या गलबतांचे नाखवे वाऱ्याचा हंगाम पाहूनच निघत. वैमानिकही त्यांचाच भाऊबंद म्हणावयाचा.

वाऱ्याखेरीज राजकारणही वाट बदलते. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

आता घड्याळाचे. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले अमेरिकेत आहेत आणि वृद्ध आईवडील त्यांजकडे जातात. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. जानेवारीत पहाटे चारला निघालेले विमान सोळा तासांनी उतरले, तर तिकिटावर त्याच दिवसाचे सकाळचे साडेसहा छापलेले असतात. आजीने त्यावरून अडीच तासांचा प्रवास समजून रक्तदाबाची गोळी सामानाच्या मोठ्या पेटीत टाकली, तर तो सोळा तासांचा उपास कोणी निस्तरावा? नातवाने पाठ केलेले किलोमीटर तेथे उपयोगी पडत नाहीत. त्याने तिकीट हाती घ्यावे, दोन घड्याळांमधील फरक मिळवावा, आणि गोळ्या आजीच्या हातातील पिशवीत ठेवून द्याव्यात.