घंटा वसईची, घाट मेणवलीचा

प्राध्यापकाला सहलीला नेऊ नये. तो पाहतो कमी आणि बोलतो फार. हे ठाऊक असूनही आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी गेल्या जानेवारीत मला आग्रहाने गाडीत बसवले. मिरजेच्या त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी एका शनिवारी प्रासंगिक करारावर एस.टी. घेतली होती. कऱ्हाड, सातारा, वाई आणि रात्री परत, असा बेत होता. "माहिती तुम्ही सांगा, सर. डबा आमच्याकडे," असा सौदा ठरला. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि केकही होता. सौदा मला महाग पडला नाही.

पहाटे गाडी सुटण्यापूर्वी पोस्टमास्तरांनी प्रार्थना केली. तीत ड्रायव्हरची आठवण विशेष ठेवली. मग पिशव्यांतून टाळ निघाले, मांडीवर पेटी आली आणि रेव्हरंड टिळकांची भजने सुरू झाली. डोळे मिटून ऐकले असते तर गाडी पंढरपूरला चालली आहे असेच कुणालाही वाटले असते.

आमचा रस्ता म्हणजे कृष्णेचा उलटा प्रवास. सांगलीला आयर्विन पुलाखालून वाहणारी ही नदी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयनेला भेटताना पाहिली. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी सगळे क्षणभर थांबले. साताऱ्यात अजिंक्यतारा दिसू लागताच मी उठून उभा राहिलो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि याच गावात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्त हवा, पण तो या मातीतला, मराठीत बोलणारा हवा, ही त्यांची तळमळ. दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते गेले. हे मी सांगितले तेव्हा गाडीत टाळ्या पडल्या. मी खुशीत बसलो.

पण माझ्या खिशातल्या कागदावर एक नाव मी आदल्या रात्रीच खोडले होते. ते नाव मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा आहे, सुरेख घाट आहे, आणि त्या घाटावर एक घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिकडच्या चर्चांमधल्या घंटा मग महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, तशीच ही मेणवलीची. बखरी शिकवताना वसईचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप चढतो. पण या गाडीत ती कथा कशी सांगायची? ज्यांची भाकरी खाल्ली त्यांनाच "पाहा, तुमची घंटा आम्ही कशी आणली" म्हणून दाखवायचे? माझ्या सभ्यतेला ते पटेना.

वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर जेवणे झाली. इतक्यात एका नववीतल्या पोराने मोबाइलमधून डोके वर काढले. " 'स्वदेस' सिनेमातला घाट इथं जवळच आहे. जाऊ या की!" मी ऊन, उशीर, ड्रायव्हरची झोप अशी कारणे काढली. ड्रायव्हर म्हणाला, "मला कशाची झोप? चला."

पाच मिनिटांत त्या पोराने घाटावरून हाक मारली, "सर, हे बघा! घंटेवर बाई आहे. कडेवर पोर आहे. अन् १७०७ लिहिलंय!"

सगळे घंटेभोवती जमले आणि मग माझ्याकडे पाहू लागले. आता सुटका नव्हती. मी सांगितले, पण घसा खाकरत, 'लूट' शब्द गिळत, मध्येच काळाला दोष देत. शेवटी कबूलही केले, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे गाव मी मुद्दाम गाळणार होतो.

कुणी काही बोलेना. मग त्या पोराची आजी पुढे आली. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या या बाईंना सगळे सिस्टर म्हणतात.

"वाईट कशाचं वाटायचं, सर?" त्या म्हणाल्या. "आमची माणसं काय पोर्तुगीज होती? तेव्हा ती इथंच, या नदीकाठी, कुणाच्या तरी शेतात राबत असतील. लढाईला गेलीच असली, तर चिमाजीअप्पांच्याच बाजूनं."

मी गप्प झालो. त्यांचे मन राखण्याच्या भरात मी माझ्या शेजाऱ्यांना वसईच्या तटाआड, परक्यांच्या रांगेत नेऊन उभे केले होते. माझ्या 'आम्ही'मध्ये त्यांना जागा नव्हती, आणि याला मी सभ्यता समजत होतो. सकाळी याच तोंडाने मी टिळकांवर व्याख्यान दिले होते!

सिस्टर घंटेजवळ गेल्या. त्यांच्या पंथात मूर्तीपुढे हात जोडत नाहीत. त्यांनी चष्मा वर सारून ती आई आणि ते लेकरू निरखून पाहिले, जसे बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून पाहावे तसे. "माहेर वसईचं, पण नांदली इथंच," त्या म्हणाल्या आणि नातवाकडे वळल्या, "वाजव रे."

त्याने लोळा ओढला. नाद पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेला. खाली धुणे धुणाऱ्या बायकांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा धुणे हाती घेतले. त्यांना त्या आवाजात नवे काहीच नव्हते.

येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले. गाडीत टाळ पुन्हा वाजू लागले. मला ताल कधीच जमत नाही, तरी मीही एक जोड मागून घेतली.

वर्गात वसईचा विषय आजही निघतो. आवाज पूर्वीइतकाच चढतो. फक्त 'आपण जिंकलो' म्हणताना आता मी सगळ्या बाकांकडे पाहतो.