पाण्याची भीती पाण्यातच सोडावी

दर वर्षी ६ डिसेंबरला आपला समाज लाखोंच्या संख्येने चैत्यभूमीवर जातो. तासन् तास रांगेत उभा राहतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो, पुस्तके विकत घेतो आणि परतीची गाडी धरतो. चैत्यभूमीला लागूनच समुद्र आहे. आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यातला पहिला समुद्र तिथेच पाहिला. पण पाहिला तो काठावरून. फार तर घोटाभर पाण्यात लेकरांचे पाय भिजवले आणि "पुढं जाऊ नको रे" म्हणत त्यांना मागे ओढले. समुद्राशी आपली ओळख एवढीच. या ओळखीच्या पुढे कसे जावे, याविषयी आज आम्ही लिहिणार आहोत.

काही वाचक म्हणतील, समाजापुढे शिक्षणाचे, बेकारीचे, अन्याय-अत्याचाराचे प्रश्न असताना हे सहलीचे काय काढले? त्यांना आमची विनंती आहे की, लेख शेवटपर्यंत वाचावा. मग ठरवावे.

आमचे रोहिणखेड मोताळा तालुक्यातले, बुलढाण्याच्या घाटाखालचे गाव. १४३७ आणि १५९० सालच्या दोन लढायांमुळे इतिहासात त्याचे नाव आहे. पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. गेल्या हिवाळ्यात इथल्या व आसपासच्या पाच बौद्ध कुटुंबांनी मिळून मालवणची सहल काढली. वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे भिशीसारखे बाजूला टाकले. मलकापूरहून रेल्वेने ठाणे, ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून एस.टी.ने मालवण, असा प्रवास. २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात महिलांना निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबालाही असा बेत आखता येतो, हे कळावे म्हणून एवढे सांगितले.

मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले. चहूबाजूंनी खारे पाणी आणि किल्ल्याच्या आत मात्र गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किल्ल्याच्या आसपास खडकांच्या आडोशाला पाणी उथळ आणि शांत असते. लक्षद्वीपला प्रवाळाच्या कड्याआड मोठे निळे तळेच तयार झालेले असते. मालवणला तसे तळे नाही, पण समुद्रातल्या खडकांवर प्रवाळ वाढलेले आहेत आणि ते पाहायला लोक लांबून येतात.

पाहण्याच्या या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा लावायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची, तिचे दुसरे टोक पाण्याच्या वर ठेवायचे आणि अंगात तरंगते जाकीट घालून पाण्यावर पालथे पडायचे. श्वास तोंडाने, नळीतून. खोल बुडी मारायची नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी जातात तो प्रकार निराळा. त्याला स्कूबा म्हणतात.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही बंदरावर गेलो. पहिल्या नौकेतल्या जाकिटांचे बंद तुटलेले होते. "काही होत नाही हो, रोजच नेतो," असे उत्तर मिळाले. आम्ही ती नौका सोडली आणि दुसरी पाहिली. तिथे प्रत्येकाला, अगदी चार वर्षांच्या पोरीलाही, तिच्या मापाचे जाकीट मिळाले. नौकेवरची मुले कोळ्यांच्या घरातली होती. त्यांनी आधी नौकेतच मुखवटा लावून श्वास घ्यायला शिकवले. नळीत पाणी शिरले तर घाबरायचे नाही, जोराने फुंकर मारली की ते बाहेर पडते, हेही सांगितले. आमच्यातले एक दादा विपश्यनेची शिबिरे केलेले. ते म्हणाले, "तिथं नाकाने, इथं तोंडाने, पण लक्ष श्वासावरच ठेवायचं ना?" सगळे हसले आणि निम्मी भीती तिथेच गेली. खरेही आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, भराभर श्वास घेतला की तो आणखी घाबरतो. श्वास संथ झाला की अंग हलके होते आणि खारे पाणी आपल्याला वर धरते.

खाली दीड-दोन पुरुष पाणी. तळाचे खडक स्पष्ट दिसत होते. पाण्याखाली काचेतून वस्तू आहे त्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसते, त्यामुळे वीतभर मासाही हातभर वाटतो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे थव्याने फिरत होते. खडकावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे दिसणारे प्रवाळ होते. मुलांना वाटले, ही झाडे आहेत. ती झाडे नव्हेत. प्रवाळ म्हणजे असंख्य बारीक जीवांची वसाहत. त्या जीवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते; ते उन्हाच्या बळावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला देते. प्रवाळ त्या शेवाळाला आसरा देतो. पाणी फार तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. हा सारा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ तोडणे, घरी शोभेला आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. प्रवाळावर पाय ठेवूनही उभे राहू नये. जे वाढायला वर्षे लागली ते एका टाचेने मोडते.

आता मूळ मुद्दा. सतरा माणसांपैकी पहिल्या फेरीला पाण्यात उतरले चौघे. बाकीच्यांनी नौकेची कड घट्ट धरली. साठी ओलांडलेल्या एक मावशी, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-कापणी केलेल्या, म्हणाल्या, "मले नाही जमत बापा. तुम्हीच जा." कारण विचारले तर म्हणाल्या, "लहानपणी विहिरीत वाकून पाह्यलं तरी शिव्या बसत. घागर घेऊन दूर उभं राहाचं. कोणी वरून ओतलं त पाणी, नाही त रिकामी घागर. पाणी दुरून पाह्याचं, हेच आमाले शिकवलं."

वाचकहो, या वाक्यावर थोडे थांबा. आपल्या खेड्यापाड्यांत पोरे पोहायला कुठे शिकली? विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून थोरला भाऊ धाकट्याला ढकलून द्यायचा आणि दोन उन्हाळ्यांत तो तरबेज व्हायचा. पण विहीर कोणाची? ज्याचे शेत, त्याची. ज्यांना विहिरीच्या काठालाही हात लावण्याची बंदी होती, त्यांची पोरे कुठे शिकणार? काही जण नदीच्या डोहात शिकले, ते अपवाद. बायकांचे तर नावच नको. आज आपल्याला वाटते की पाण्याची भीती हा आपला स्वभाव आहे. तो स्वभाव नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याला पाण्यापासून दूर ठेवले, त्याचा तो उरलेला गाळ आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो प्रसंग आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरातला प्रवास मात्र थोड्यांना ठाऊक असतो. सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. वाटेतले मोटारवाले ऐनवेळी दगा देतील, अशी शंका होती. दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरात उतरून ते महाडला पायी गेले. जमिनीवरच्या वाटेचा भरवसा नव्हता, तेव्हा समुद्राने वाट दिली. तळ्याचा हक्क न्यायालयात मान्य व्हायला पुढे १९३७ साल उजाडले.

आपल्या धम्माच्या परंपरेतही समुद्र परका नाही. सोपारा बंदराच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा प्रसिद्ध आहे. तो तथागतांचा भिक्खू झाला आणि धम्म घेऊन आपल्या मुलखात परतला. त्या कथेतले जहाज आपल्या जिल्ह्याच्या शेजारी अजिंठ्याला २ क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेले आहे. लेणी पाहायला आपण जातो. पुढच्या वेळी मुलांना ते जहाजही दाखवा. तथागतांनी महासमुद्राचे गुण सांगताना म्हटले आहे की, त्याचा तळ एकदम खोल होत नाही, हळूहळू उतरत जातो. धम्माचे शिक्षणही तसेच पायरीपायरीने व्हावे. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची निराळी नावे उरत नाहीत, तशी संघात आल्यावर वर्णाची नावे उरत नाहीत, हेही तिथेच सांगितले आहे.

मावशींच्या बाबतीत आम्ही ही पायरीच धरली. आधी नौकेच्या शिडीवर बसून नुसते पाय पाण्यात. मग गुडघे. मग जाकीट घालून, हवेचे रबरी कडे धरून कमरेपर्यंत. शेवटी एका मुलाने त्यांचा हात धरला आणि त्यांनी चेहरा पाण्यात घातला. चार-पाच मिनिटे त्या तशाच राहिल्या. वर आल्यावर म्हणाल्या, "खाली त मासोळ्यांचा बाजारच भरला हाये!" त्यांचे पाहून आणखी सहा जण उतरले. दुपारी बाराला परतलो तेव्हा सतरांपैकी अकरा जण पाण्यात जाऊन आले होते.

आणि आता त्या शंकेखोर वाचकांना उत्तर. देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. आपल्या भागात शेततळी झाली, ते चांगलेच झाले. पण त्यांना आतून प्लास्टिकचा कागद असतो. उन्हाळ्यात पोर पाणी पाहून उतरते, कागदावरून घसरते आणि वर चढायला हाताला काही लागत नाही. त्याला वाचवायला दुसरे उतरते, तेही जाते. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्यांत शेतमजुराचे, सालदाराचे, मेंढपाळाचे लेकरू असते. शेतमालकाचे पोर विहिरीत पोहायला शिकलेले असते, मजुराचे नसते. तेव्हा पोहता येणे हा श्रीमंतांचा शौक नव्हे, लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे. समुद्राची सहल ही केवळ सुरुवात आहे.

म्हणून काही गोष्टी सांगतो. पहिली, समुद्रावर जाकीट नीट बांधल्याशिवाय नौकेत बसू नये, आणि नौका काठाला लागेपर्यंत ते काढू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी नौकेला नौदलाची वेगवान नौका धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. नौकेत माणसे जास्त भरली असतील तर भाडे गेले तरी चालेल, उतरावे. दुसरी, पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये. दम्याचे, हृदयविकाराचे, फिट येणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. तिसरी, दारू पिऊन पाण्यात जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे. पंचशीलातले पाचवे शील काठावर सोडून येणाऱ्याला पाणी क्षमा करत नाही.

चौथी गोष्ट भगिनींसाठी. साडी ओली झाली की जड होते आणि पायात गुंडाळते. पाण्यात पंजाबी ड्रेस किंवा पँट-सदराच बरा. "लोक काय म्हणतील" हा विचार मनातून काढावा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना गुलामीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत टाकून द्यायला सांगितले आणि त्यांनी ती टाकली. त्यांच्या नातींनी पाण्यात उतरण्याजोगे कपडे घालायला लाजू नये.

पाचवी गोष्ट गावासाठी. कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर फेकावा, लांब काठी पुढे करावी, साडी सोडून तिचे टोक टाकावे, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. शेततळ्याच्या काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवावा. त्याला खर्च किती येणार? आणि त्याने एखादे घर उजाड व्हायचे वाचेल.

शेवटी एक सूचना. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या विहारांतून संस्कार शिबिरे होतात, भाषणे होतात, गीते होतात. त्यात पोहण्याचे आठ-दहा दिवस जोडावेत. जवळ नगरपालिकेचा तरण तलाव असेल तिथे, नसेल तर पायऱ्यांच्या विहिरीत, पोहण्यात तरबेज माणसांच्या देखरेखीखाली, दोर आणि ट्यूब हाताशी ठेवून. मुलग्यांइतक्याच मुलीही घ्याव्यात. रोहिणखेडला आम्ही येत्या उन्हाळ्यात हे करणार आहोत. ज्या तरुणांना चांगले पोहता येते, त्यांनी आपली नावे गावच्या विहारात द्यावीत. मावशींनी त्यांच्या दोन्ही नातींची नावे आताच दिली आहेत.

जयभीम!