बंद गिरणीत रील शूट करायला जाताय? आधी हे वाचा

गंजलेली यंत्रं, फुटक्या काचांतून येणारं तिरपं ऊन, भिंतीतून वर आलेला पिंपळ. पडक्या कारखान्यांचे असे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर भरपूर चालतात. या छंदाला जगभर 'अर्बेक्स' म्हणतात. त्यातली जुनी मंडळी जागेचा नेमका पत्ता सहसा जाहीर करत नाहीत. रीलमध्ये मात्र लोकेशन टॅग आधी पडतो आणि पुढच्या रविवारी तिथे गर्दी होते.

कोल्हापुरात अशा जागांची ओढ वाटणं साहजिक आहे. मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओच घ्या. कोल्हापूर संस्थानच्या काळात सिनेमाचा कारखाना म्हणून ही वास्तू उभी राहिली आणि पुढे भालजी पेंढारकरांची झाली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ती जळाली, भालजींनी ती पुन्हा उभी केली. नंतर मालकी लता मंगेशकर यांच्याकडे गेली. शूटिंग बंद पडून वर्षं लोटली, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टुडिओ विकला गेल्याची बातमी आल्यावर शहरातले कलाकार आणि तंत्रज्ञ आंदोलनाला बसले.

तिथून दुचाकीवर काही मिनिटांत शाहू मिल येते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये तिचा पाया घातला. हातांना काम मिळावं, हा हेतू होता. गिरणी बंद पडून दोन दशकं झाली, तिथे शाहू स्मारक करण्याची चर्चाही तितकीच जुनी. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त 'कृतज्ञता पर्व' झालं, तेव्हा याच आवारात कार्यक्रम झाले आणि लोक रीतसर दारातून आत गेले. तोपर्यंत अनेकांनी ही गिरणी फक्त भिंतीबाहेरून पाहिली होती.

आत नेमका धोका कशाचा?

भुतांचा नाही. पहिला धोका पायाखाली आणि डोक्यावर असतो. गिरण्यांच्या छपरांवर सिमेंटचे पत्रे असतात. ते खालून भक्कम दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. कोल्हापूरच्या पावसात त्यांवर शेवाळ चढतं आणि लाकडी जिने आतून कुजतात. यंत्रं काढून नेल्यावर जमिनीत उरलेले खड्डे पाण्याने भरतात आणि वरून साध्या डबक्यासारखे दिसतात.

जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा फुटला की त्याचे बारीक तंतू हवेत मिसळतात. त्याचा त्रास आज होत नाही, वीस-तीस वर्षांनी होतो. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग त्यातलाच. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर आजही बंदी नाही. रुमाल किंवा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे बंद टाकी, बॉयलर, तळघर. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे बंद टाकीत श्वास घ्यायला पुरेशी हवा उरतेच असं नाही. साचलेल्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. एकजण कोसळला की दुसरा त्याला ओढायला उतरतो आणि तोही कोसळतो. गटारात गुदमरून एकामागोमाग कामगार दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे हेच असतं. अशा वेळी आत न उतरता बाहेरूनच ११२ वर फोन करायचा.

आणि माणसं? मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये २२ ऑगस्ट २०१३ रोजी कामासाठी फोटो काढायला गेलेल्या तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. सोबत सहकारी होता, तरीही. तिथेच आधीही असा गुन्हा घडल्याचं नंतर उघड झालं. 'ती तिथे गेलीच कशाला' असं विचारणारे तेव्हाही होते. विचारायला हवं होतं ते हे, की शहराच्या मध्यभागी एवढी जागा वर्षानुवर्षं दिवा आणि पहारा यांच्याशिवाय कुणी सोडली?

पोलिसांनी पकडलं तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार गुन्हेगारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इमारतीत शिरल्यास कैद एक वर्षापर्यंत. त्यासाठी गुन्हा करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो, म्हणजे नुसता फोटो काढणारा प्रत्येकजण गुन्हेगार ठरत नाही. पण हे पोलिस ठाण्यात पटवून देत बसावं लागतं. 'आठवण' म्हणून एखादी बॉबिन खिशात टाकली, तर ती सरळ चोरी.

मग बघायचंच असेल तर?

परवानगी मागा. ती मिळते, फक्त वेळ लागतो. कुलाब्याच्या बंद मुकेश मिलमध्ये कित्येक हिंदी सिनेमांचं चित्रीकरण झालं, तेही मालकाच्या परवानगीनेच. आत जाताना जाड तळव्याचे बूट, एन-९५ मास्क, मोबाइलशिवाय वेगळी टॉर्च आणि बाहेर थांबलेला एक माणूस, ज्याला तुम्ही किती वाजता परतणार हे ठाऊक आहे. दगडाखाली किंवा कपारीत हात नको. साप चावला तर कापाकापी न करता थेट सीपीआर रुग्णालय गाठा. छपरावर मात्र परवानगी असली तरी चढू नका.

परवानगी मागायला कुणाकडे जायचं, हे अनेक बंद वास्तूंच्या दारावर लिहिलेलंच नसतं. निदान तेवढी पाटी लावायला स्मारक पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही.