पहिली बाइक? आधी तिचं वर्ष विचारा

कॉलेजच्या पार्किंगमध्ये नवीकोरी १६० सीसी बाइक उभी असली, तर कोणी मान वळवून बघत नाही. पण आरएक्स हंड्रेड आली की पोरं कँटीनमधून बाहेर येतात. आधी आवाज, मग निळसर धूर आणि मग गाडी! भारतात तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. म्हणजे बघायला जमलेल्या सगळ्यांपेक्षा ती वयाने मोठी. तरीही कुणाच्या हातात नवं लायसन्स पडलं, की ग्रुपमधला एक तरी सल्ला देतोच, 'नवीन प्लॅस्टिकची डबडी कशाला घेतोस? जुनी घे, जुनी!'

माझं मत अगदी उलट आहे. ज्याचा क्लच-गिअरवर अजून हात बसलेला नाही, त्याने जुनी फास्ट गाडी घेऊ नये. याचा अर्थ शोरूममध्येच जाऊन घरच्यांना ईएमआयमध्ये अडकवावं, असाही नाही. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी आरएक्स. इंजिन ९८ सीसी, ताकद साधारण ११ एचपी. एवढी ताकद आजच्या साध्या १२५ सीसी गाडीतही असते. मग एवढं कौतुक कसलं? एक तर वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास, आणि दुसरं म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटतं, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. त्यात ही ताकद हळूहळू चढत नाही. गाडी खालच्या आरपीएमला शहाण्यासारखी चालते आणि एका टप्प्यानंतर एकदम सुटते. ज्याला तो टप्पा माहीत आहे, त्याच्यासाठी हीच तर मजा. नवख्याला तो टप्पा जुलै महिन्यात, ओल्या रस्त्यावर, वळण घेताना कळला तर? शिवाय अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला जसं मागे खेचून धरतं, तसं टू-स्ट्रोक फारसं धरत नाही. थांबण्याची सगळी जबाबदारी ब्रेकवर, आणि ब्रेक पुढेमागे दोन्ही ड्रमचे.

किमतीचं तर बोलायलाच नको. चांगल्या ठेवलेल्या आरएक्सला जे आकडे सांगतात, त्यातले निम्मे पैसे कुणाच्या तरी कॉलेजच्या आठवणींचे असतात. वर १५ वर्षं उलटलेली गाडी म्हणजे आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, पर्यावरण कर वेगळा, आणि इंजिन-चॅसी नंबर कागदाशी जुळतोय का, ही धाकधूक कायमची.

पण खरा सापळा आरएक्स नाहीच. ती मिळते कुठे सगळ्यांना! सापळा आहे सेकंडहँड ड्यूक आणि पल्सर टू-ट्वेंटीचा. ड्यूक २०० आपल्याकडे २०१२ मध्ये आली. ताकद २५ एचपी, म्हणजे आरएक्सच्या दुपटीहून जास्त. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती एबीएसशिवाय विकली गेली. आज याच गाड्या कॉलेजच्या पोरांच्या बजेटमध्ये बसतात. दिसायला नव्यासारख्या, पळायला भन्नाट, आणि घाबरून ब्रेक दाबला की चाक लॉक.

नवखा माणूस घाबरला की काय करतो? हातात येईल तो ब्रेक गच्च आवळतो. कुत्रं आडवं आलं, रिक्षा अचानक थांबली, तेव्हा 'हळूहळू दाबायचा असतो' हे क्लासमधलं ज्ञान आठवत नाही. पुढचं चाक लॉक झालं की हँडल फिरवून उपयोग नसतो, कारण न फिरणारं चाक गाडीला वळवू शकत नाही. एबीएस इथे सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडून परत धरतो. चाक फिरत राहतं, गाडी तुमचं ऐकत राहते. वाळूत, चिखलात तो जादू करत नाही, हे मान्य. पण जी चूक नवखा करणारच, त्याच चुकीवर तो उपाय आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

आता त्या 'पुढे बोलू'बद्दल. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचा झाला. त्यामुळे जुनी की नवी, हा वाद मला फिजूल वाटतो. गाडी २०१९ च्या आधीची की नंतरची, हे विचारा. त्यानंतरची सेकंडहँड १५०-१६० सीसी ही माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात शहाणी खरेदी आहे. एबीएस आहे, आरसीची बरीच वर्षं शिल्लक आहेत, पार्ट्स कुठेही मिळतात. पार्किंगमध्ये पडली तर काळीज फाटत नाही, आणि पहिल्या वर्षी ती पडतेच. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस चालतो, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तोही काहीच नसण्यापेक्षा बरा.

'आम्ही जुन्याच गाड्यांवर शिकलो, काय झालं आम्हाला?' हे वाक्य घरी ऐकायला मिळेलच. काका, ज्यांना काही झालं, ते सांगायला आले नाहीत ना! जुन्या गाडीवर मशीन समजतं, प्लग साफ करण्यापासून चेन ताणण्यापर्यंत हात काळे होतात, हे मात्र खरं. ते सगळं शिकायचंच आहे. पण त्यासाठी दुसरी गाडी आहे, दोन-तीन पावसाळे काढल्यावरची.

गाडी बघायला जाताना ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का बघा, कारण सिग्नलला गाडी पायांवरच तोलायची असते. इग्निशन ऑन केल्यावर एबीएसचा दिवा लागतो का आणि गाडी चालू लागल्यावर विझतो का, हे तपासा. तो लागतच नसेल तर कुणीतरी त्याचा बल्ब काढला असण्याची शक्यता धरा. टोकन देण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून आरसी, इन्शुरन्स आणि कर्जाचा बोजा बघून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घ्या. इन्शुरन्सही १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी गाडी तुमची आणि पॉलिसी भलत्याचीच निघेल.

आणि बजेटमधून हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढा. आयएसआय मार्कची दोन घ्या. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचंच आहे, आणि मागे बहुतेक वेळा तोच बसणार आहे, 'जुनी घे' म्हणणारा.