पान बघा, भिडूकडे नको

सौसर म्हटले की गोव्यात पहिला प्रश्न येतो, "हे कुठे आले?" नागपूरहून छिंदवाड्याला जाताना वाटेत लागते. शेजारचे पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून फुटून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी; बहुतेकांना दोन्ही सारख्याच येतात. ही माझी सासुरवाडी.

तिथे एका लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात मेंढीकोटाचा डाव पडला. चौघे खेळाडू, समोरासमोर दोन-दोन भिडू, ज्यांच्याकडे दश्शा जास्त ते जिंकले. मी आणि बायको एका बाजूला. विरुद्ध तिचे मामा आणि शेजारचे एक गुरुजी. एका हाताला मी बायकोला सहज कोंकणीत म्हणालो, "मात्शें राव." मामांनी पाने पालथी ठेवली.

"जावईबापू, मराठीत बोला नाहीतर हिंदीत बोला. चौघांले समजते तेच बोला जी."

सगळे हसले, मीही हसलो. पण पुढची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बायकोकडे हुकमाची दश्शी आली की ती हातातली बांगडी मागे सारते. वीस वर्षांच्या संसारात हे मला कळले आहे, तिला स्वतःला माहीत नाही. त्या बांगडीवर मी तीन डाव काढले. चौथ्याला मामा शांतपणे म्हणाले, "पानं पाहून खेळा जावईबापू, बायकोकडे पाहून नका खेळू."

मी कुठलीही खूण ठरवली नव्हती. मग चुकले कुठे?

या प्रश्नाचा सर्वांत बारीक विचार ब्रिजवाल्यांनी केला आहे. ब्रिजमध्ये बचाव करणारे दोन भिडू एकमेकांना खुणा करतात, आणि त्या नियमात बसतात. भिडूने इस्पिकचा राजा खेळला. मी अठ्ठी टाकली तर "हेच चालू ठेव", दुर्री टाकली तर "दुसरे काही बघ". काही जोड्या नेमके उलटे ठरवतात, तेही चालते. अटी दोनच. निरोप पानातूनच जायला हवा, पान टाकण्याच्या ढंगातून नव्हे. आणि त्या पानाचा तुमच्यातला अर्थ विरोधकांनाही खुला हवा. विचारले तर सांगायचाच. थोडक्यात, चौघांना समजते तेच बोला. मामांनी ब्रिजचे नाव तरी ऐकले असेल की नाही कोण जाणे, पण नियम तोच.

तो मोडणारेही भेटतात. १९७५ साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मध्ये पडदे लावले गेले, चेहरे दिसू नयेत म्हणून. त्याच स्पर्धेत दोन इटालियन भिडूंवर टेबलाखालून पाय लावल्याचा ठपका आला. मग खालीही अडसर घालावा लागला! २०१५ मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांडने इस्रायलच्या फिशर आणि श्वार्ट्झ या जोडीवर जाहीर आरोप केला. जुने व्हिडिओ लोकांनी पुन्हापुन्हा पाहिले, तेव्हा टेबलावर ट्रे कुठे ठेवला जातो यातच कोणता रंग खेळायचा याची खूण असल्याचे दिसले. त्याच वर्षी चेन्नईत भरलेल्या जागतिक स्पर्धेतून इस्रायलने माघार घेतली, आणि २०१६ मध्ये युरोपच्या ब्रिज संघटनेने दोघांवर पाच वर्षांची बंदी घातली.

ही ठरवून केलेली लबाडी. तिचा निवाडा सोपा. अवघड आहे ती बांगडी.

भिडू पान टाकताना अडखळला, तर तो दोषी नाही; विचार करायला कुणालाही मुभा आहे. बंधन येते ते ज्याने ते पाहिले त्याच्यावर. समोर दोन शहाणे पर्याय असतील, तर त्या अडखळण्याने सुचवलेला पर्याय त्याने घ्यायचा नाही. "मी नाहीतरी तेच खेळणार होतो" ही सबब चालत नाही. पाहिले ते न पाहिलेले होत नाही; निदान त्याचा फायदा घ्यायचा नाही. मला हा नियम सगळ्या पडद्यांपेक्षा मोठा वाटतो. पडदा लबाडाला अडवतो, हा नियम सज्जनाला.

आणि तो पत्त्यांपुरता नाही. मी सरकारी कचेरीत कारकून. फाईलवरचा शेरा म्हणजे उघडे पान. वरचा वाचतो, खालचा वाचतो, २००५ च्या माहिती अधिकाराने अर्जदारही मागून वाचू शकतो. पण "बघा जरा" म्हणताना साहेबाचा जो सूर लागतो तो कुठल्याच कागदावर येत नाही. आमच्यासारखे तो ओळखतात आणि फाईल ढिगाच्या तळाशी जाते. पुढे कुणी विचारले तर दोघेही खरेच बोलतात: त्याने सांगितले नाही, याने ऐकले नाही. अर्जदार मात्र हरलेला असतो, आणि का हरलो हे त्याला कधीच कळत नाही.

कुणी म्हणेल, घरच्या डावात एवढा काथ्याकूट कशाला? डोळे मिचकावण्यातच तर गंमत! जरूर. चौघांनी मिळून ठरवा आणि खुशाल मिचकावा. पण चौघांनी.

त्या रात्री शेवटच्या डावात बांगडी पुन्हा सरकली. मी हुकमाचा एक्का न काढता किलवर खेळलो. दश्शी पुढे मामांच्या राजाखाली गेली आणि बायको भडकली, "काय खेळून राह्यले तुम्ही!"

बांगडीचे तिला अजून सांगितलेले नाही. सांगितले तर ती बांगडी सरकवणार नाही, किंवा मुद्दाम सरकवेल. आणि मुद्दाम सरकवली की ती खूण झाली, मग मामांनाही सांगणे आले. असो. हे वाचेल तेव्हा बघू.