मंच हिरवा, पण खराटा कोणाच्या हाती?

१५ एप्रिलची सकाळ होती. आदल्या रात्री आमच्या वस्तीतल्या मैदानावर भीमगीतांचा कार्यक्रम झाला होता. तीन गायन पार्ट्या, दोन हजारांच्या आसपास माणसं, कंबरेएवढ्या उंचीचे स्पीकर आणि बाराच्या ठोक्यापर्यंत टाळ्या. सकाळी साडेसहाला आम्ही मंडप सोडवायला गेलो, तर मैदानभर कागदी कप, पाण्याचे पाऊच, थर्माकोलच्या द्रोणांत वाळलेला भात आणि फाटलेला फ्लेक्स पसरलेला. त्या पसाऱ्यात एक मावशी खराटा घेऊन वाकल्या होत्या. रात्री याच मावशी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कंत्राटावर झाडूकाम करतात, हजेरी सकाळी सहाची.

आम्ही म्हणालो, "मावशी, राहू द्या, आम्ही करतो." त्या हसल्या. म्हणाल्या, "बाळा, दुसऱ्यांच्या लग्नाचा कचरा उचलताना मनातल्या मनात शिवी तरी देता येते. आपल्या जयंतीचा उचलताना तीही देता येत नाही."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहोत. संगीत महोत्सव पर्यावरणपूरक कसा करायचा, यावर हल्ली पुष्कळ बोललं जातं. आमचं म्हणणं एवढंच आहे, की या प्रश्नाचं उत्तर मंचावरून सुरू होत नाही, ते खराट्यापासून सुरू होतं. जो महोत्सव आपली घाण उचलायला जातीने ठरवून दिलेले हात गृहीत धरतो, तो कितीही हिरवा रंग फासो, हिरवा नाही. आणि ही कसोटी आधी आपल्या मंचाला लावायची आहे, मग त्यांच्या.

त्यांचा हिरवेपणा

तिकिटं लावून होणाऱ्या मोठ्या महोत्सवांत आता पर्यावरण हा जाहिरातीचा भाग झाला आहे. बांबूच्या स्ट्रॉ, विघटनशील प्लेटा, प्रवेशद्वाराशी झाडाच्या आकाराची कमान. सगळंच ढोंग आहे असं आम्ही म्हणत नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने २०२४ मध्ये जाहीर केलं, की २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत त्यांनी आपलं थेट कार्बन उत्सर्जन प्रत्येक कार्यक्रमामागे ५९ टक्क्यांनी कमी केलं. मनावर घेतलं तर काम होतं, हे यातून दिसतं. पण हा हिशोब कार्यक्रमाची उभारणी, मालवाहतूक आणि बँड व कर्मचाऱ्यांचा प्रवास यांचा आहे. ऐकायला येणाऱ्या लाखोंचा प्रवास त्यात नाही, आणि मोठ्या महोत्सवांच्या एकूण उत्सर्जनात प्रेक्षकांच्या प्रवासाचाच वाटा सहसा सर्वात मोठा असतो. जानेवारी २०२५ मध्ये हाच बँड नवी मुंबईत आणि मग अहमदाबादला वाजला. तेव्हा पश्चिम रेल्वेने मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या. चांगली गोष्ट झाली. विमानापेक्षा आणि मोटारीपेक्षा रेल्वे केव्हाही बरी.

आता जरा आठवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठीही खास गाड्या सुटतात. विदर्भातून, मराठवाड्यातून लाखो माणसं रेल्वेने आणि एसटीने येतात. भाकरी-चटणी फडक्यात बांधून आणतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. माणशी कार्बनचा हिशोब मांडला, तर आपल्या या मेळाव्यापुढे कुठला महोत्सव टिकेल? पण त्यांच्या खास गाडीचं कौतुक होतं आणि आपल्या गाडीच्या वाट्याला "विनातिकीट गर्दी" आणि "दादरला घाण" असे शब्द येतात. गरीब माणूस गरजेपोटी कमी वापरतो, तेव्हा त्याला कोणी पर्यावरणवादी म्हणत नाही. श्रीमंत माणूस हौसेने थोडं कमी वापरतो, तेव्हा त्याची मुलाखत छापून येते.

आणि महोत्सव संपल्यावर काय? विघटनशील प्लेट आपोआप विरघळत नाही. ती ओल्या कचऱ्यात वेगळी गेली, नीट कंपोस्ट झाली, तरच तिचा उपयोग. मिसळून गेली तर ती इतर कचऱ्यासारखीच डम्पिंग ग्राउंडवर जाते. मुंबईचा देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धूर शहरभर पसरला आणि मग मुंबईला जाग आली. पण त्याच्या भोवतीच्या वस्त्यांत दलित आणि मुसलमान कुटुंबं तो धूर आधीही घेत होती, नंतरही घेत राहिली. पुण्याला उरुळी-फुरसुंगी, नागपूरला भांडेवाडी. प्रत्येक शहराने आपली घाण टाकायला एक दिशा ठरवली आहे. गावाने महारवाडा आणि मांगवाडा कुठल्या दिशेला ठेवला होता, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपली सोयीची उत्तरं

हे सगळं बोलताना आपल्या कार्यकर्त्यांच्या टाळ्या पडतात. आता टाळ्या न पडणारं बोलू.

जयंतीच्या बैठकीत आम्ही कप, डिझेल आणि आवाज हे विषय काढले, तेव्हा तीन उत्तरं मिळाली.

पहिलं: "पर्यावरण हे वरच्या लोकांचं खूळ आहे." मित्रांनो, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले, ते कशासाठी? पाणी कोणाचं, हा प्रश्न घेऊन गेले. निसर्गाच्या देणगीवर जातीने बसवलेला पहारा त्यांनी मोडला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना नद्या, धरणं, वीज यांच्या नियोजनाचा पाया त्यांनी घातला आणि दामोदर खोऱ्याचा प्रकल्प आकाराला आणला. पाणी आणि वीज यांवर इतका खोल विचार करणाऱ्या माणसाच्या जयंतीत आपण पाणी पाऊचमधून फेकायचं आणि वीज डिझेल जाळून करायची, आणि वर म्हणायचं की हा आपला विषय नाही?

दुसरं: "सगळ्यांचे डीजे चालतात, बोट मात्र आपल्याकडेच." ही तक्रार खरी आहे. नियम दाखवणारा हवालदार आपल्या वस्तीत आधी येतो, हे आम्हीही अनुभवलं आहे. दुटप्पीपणाविरुद्ध भांडलंच पाहिजे. पण त्यांनी केलेला अन्याय हा आपण आपल्याच माणसांवर अन्याय करण्याचा परवाना होत नाही. स्पीकरच्या भिंतीपुढे कोण राहतं? पत्र्याच्या घरातली बाळंतीण, दम्याचा आजोबा आणि परीक्षेला बसलेली पोरगी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. नियम सोडा, आपल्या वस्तीच्या कानांचा विचार करा.

तिसरं: "पैसे कुठून आणायचे?" याचं उत्तर आकड्यांतच देऊ. दोन हजार माणसांनी तीन वेळा पाणी-चहा घेतला, तर सहा हजार कप. ते आपण वर्गणीतून विकत घेतो. कागदी म्हणतो, पण आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून रद्दीवालाही घेत नाही. जनरेटरला तासाला पंधरा लिटर डिझेल धरलं, तर सहा तासांत नव्वद लिटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका रात्रीत दोनशे चाळीस किलोच्या वर. शिवाय त्याचा काळा धूर थेट मागच्या गल्लीत. महावितरणची तात्पुरती जोडणी वेळेत अर्ज करून घेतली, तर जनरेटर फक्त अडीअडचणीला लागतो. उधळपट्टी आपण आत्ता करतो आहोत. हिरवा उपाय बहुतेक वेळा स्वस्तातला असतो, फक्त त्याला आठ दिवस आधी बैठक घ्यावी लागते.

आपल्या परंपरेत काय आहे

आंबेडकरी जलसा आठवा. भीमराव कर्डक आणि त्यांच्या पिढीच्या जलसाकारांनी गावोगाव चळवळ पोचवली, ती ढोलकी, तुणतुणं आणि माणसाच्या गळ्यावर. वामनदादा कर्डकांचं गाणं झोपडीझोपडीत गेलं, तेव्हा त्याच्यामागे स्पीकरची भिंत नव्हती. आम्ही मागे जा म्हणत नाही. गरिबीला सद्गुण ठरवण्याचा धंदा दुसऱ्यांचा आहे. आमच्या गायकाला चांगला माइक, चांगला साउंड आणि चांगलं मानधन मिळालंच पाहिजे. पण शब्द ऐकू येत नाहीत इतका आवाज वाढवला, तर भीमगीतात उरतं काय? आपल्या गाण्याची ताकद शब्दात आहे. छातीत धडधडणारा बेस कुठल्याही गाण्याला लावता येतो.

आणखी मागे जाऊ. विनयपिटकात आनंद आणि राजा उदेन यांची कथा आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचं भिक्षू करणार काय? आनंदाने सांगितलं, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्यांचं काय? त्यांच्या चादरी. जुन्या चादरींच्या खोळी, खोळींची पायपुसणी आणि फडकी, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात कालवून लिंपू. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. पुनर्वापर हा शब्द आपण परदेशी महोत्सवांकडून शिकतो आहोत. तो आपल्या संघाचा रोजचा नियम होता.

आणि या नियमात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वस्तू वापरणारा आणि ती शेवटपर्यंत सांभाळणारा एकच आहे. वापरणारे एक आणि उचलणारे दुसरे, अशी वाटणी संघात नाही. ती वाटणी जातीची आहे. जात कामांची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं. मैदानावर कप फेकून निघून जाणारा हात आणि सकाळी तो उचलणारा हात, यांच्यामध्ये तीच रेघ आहे. आपण स्वतः कप फेकतो तेव्हा ती रेघ आपणच ओढतो.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, उचलणाऱ्याचा मान. कार्यक्रमाच्या खर्चात साउंड, मंडप, गायक यांच्या बरोबरीने सफाईचं कलम लिहा. जी माणसं हे काम करतील त्यांना ठरलेली मजुरी, हातमोजे, बूट आणि आधी जेवण द्या. नगरपालिकेच्या झाडूवालीवर फुकटचा बोजा टाकू नका. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचा अध्यक्ष, मानधन घेणारा गायक आणि टाळ्या वाजवणारे आपण सगळे अर्धा तास मैदानात वाकू. अध्यक्ष वाकला की बाकीच्यांना सांगावं लागत नाही.

दुसरी, कचरा मिसळू देऊ नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं, की शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागेत असेल, तर तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकाची. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्था यांनी दाखवून दिलं, की कचरावेचक बायका संघटित झाल्या की शहर चालवतात. त्यांतल्या बहुसंख्य आपल्याच जातसमूहांतल्या आहेत. त्यांना उपकार नको आहेत. त्यांना सुका कचरा स्वच्छ आणि वेगळा हवा आहे, कारण त्यात त्यांची कमाई आहे.

तिसरी, पाणी. मैदानाच्या चार कोपऱ्यांत पिंप, नळ आणि स्टीलचे पेले ठेवा. पेला हवा तर दहा रुपये अनामत, परत दिला की पैसे परत. तिकिटाच्या महोत्सवात बाहेरची बाटली दारातच काढून घेतात आणि आत पाणी विकतात. मोफत आणि सर्वांना खुलं पाणी हा प्लास्टिकवरचा सर्वात मोठा उपाय आहे, आणि महाडचा वारसाही तोच आहे.

चौथी, भांडी. भोजनदानाला महिला मंडळाने स्टीलच्या ताटांचा संच एकदा घ्यावा आणि वस्तीतल्या लग्न-बारशाला भाड्याने द्यावा. भाडं मंडळाच्या खात्यात. ताटं धुवायला मात्र बायकाच बसणार असतील, तर हा उपाय नव्हे. पोरांनीही बाह्या सरसावायच्या.

पाचवी, फ्लेक्स. सालाचा आकडा आणि इच्छुक उमेदवारांचे चेहरे काढून टाकले, तर कापडावर रंगवलेला एक फलक दहा वर्षं चालतो. आपल्या वस्तीतल्या पेंटरला कामही मिळतं.

आणि सहावी, मागणी. हे सगळं आपण करून दाखवलं, की मग तिकिटाच्या महोत्सवांच्या दारात उभं राहण्याचा हक्क आपला. कंत्राटी सफाई कामगारांना तुम्ही किती मजुरी देता? तुमचा कचरा कुठल्या वस्तीच्या नाकाशी जातो? मंचावर आमचा गायक आहे का, की आम्ही फक्त मंचामागे? हे प्रश्न विचारताना आपलं स्वतःचं मैदान स्वच्छ असलं पाहिजे, नाहीतर प्रश्न आपल्याच तोंडावर परत येईल.

काही जण म्हणतील, एवढ्याने हवामान बदलणार आहे का? नाही. एका जयंतीच्या कपांनी पृथ्वी तापली नाही आणि ते वाचवल्याने ती थंड होणार नाही. पण आपली चळवळ आकड्यांसाठी उभी राहिली नव्हती, ती माणसाच्या प्रतिष्ठेसाठी उभी राहिली. पुढच्या १५ एप्रिलला त्या मावशी सहाला हजेरीवर येतील, तेव्हा मैदान झाडलेलं असावं आणि त्यांना चहाचा पेला कोणीतरी हातात द्यावा. एवढं जमलं, तर पर्यावरणावर बोलायचा अधिकार आपण कमावला.

मंडळाच्या बैठका फेब्रुवारीत सुरू होतात. पहिल्याच बैठकीत हा विषय वहीत लिहा, गायन पार्टीच्या मानधनाच्या आधी.

जय भीम! नमो बुद्धाय!