ग्रहण पाळायचे नाही, पाहायचे!

२१ जानेवारी २०१९. युरोप-अमेरिकेत खग्रास चंद्रग्रहण दिसत असताना चंद्राच्या कडेजवळ ०.२८ सेकंद एक ठिणगी चमकली. स्पेनचे खगोलशास्त्रज्ञ होसे मारिया मादिएदो यांच्या ‘मिडास’ प्रकल्पाच्या दुर्बिणींनी ती टिपली. सुमारे ४५ किलोचा दगड ताशी ६१,००० किलोमीटर वेगाने चंद्रावर आदळला होता. खड्डा १० ते १५ मीटर रुंद पडला असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

एरवी पौर्णिमेच्या उजेडात अशी ठिणगी दिसत नाही. ग्रहणात चंद्र काळवंडतो, म्हणून संधी मिळते. त्यातही एकाच कॅमेऱ्यावर विसंबत नाहीत. दोन दुर्बिणींत, एकाच क्षणी, एकाच जागी दिसली तरच ती खरी मानतात.

याच ग्रहणाने आपल्या आजा-पणज्यांना काय दिले? राहू-केतूंना ‘अस्पृश्य’ ठरवले गेले आणि आपली माणसे ‘दे दान, सुटे गिराण’ म्हणत दारोदार फिरली. आता आपण दान मागत नाही. पण आपल्याच काही घरांत ग्रहणात गरोदर सुनेला भाजी चिरू देत नाहीत. मग आपण नेमके काय सोडले? केवळ परंपरा आहे म्हणून मानू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले होते. दुसऱ्या दुर्बिणीची साक्ष मागणारे शास्त्रज्ञ तेच करतात.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. विहाराच्या गच्चीवर दुर्बीण लावूया. पहिली खुर्ची गरोदर भगिनींना देऊया.

जय भीम! नमो बुद्धाय!